जीआयएस घ्यावं की नाही: कोकणातल्या एका ग्रामपंचायतीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. खाडीकाठची, नऊ वाड्यांची ग्रामपंचायत. वरच्या वाड्या सड्यावर, खालच्या खाजणालगत. एका कंपनीने 'संपूर्ण गाव जीआयएसवर' (भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे माहिती जोडलेल्या संगणकी नकाशावर) करून देण्याचा प्रस्ताव ठेवलाय. सदस्यांना तीन गोष्टी हव्यात: उपयोग काय, तोटे काय आणि गावातले हद्दीचे वाद यातून सुटतील का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण असे प्रस्ताव बहुतेक वेळा त्याच आशेवर मंजूर होतात. वाद सुटणार नाहीत. उलट स्क्रीनवरची रेघ प्रमाण मानायला लागलात तर नवे उभे राहतील. पाणी, रस्ते, घरपट्टी, दरड-पुराची तयारी यांसाठी मात्र जीआयएस जरूर घ्या. तिथे ते पहिल्या वर्षातच उपयोगी पडतं.

भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक वस्तूला दोन बाजू असतात: नकाशावरची जागा आणि तक्त्यातली ओळ. विहीर म्हणजे एक बिंदू, आणि त्याच्यामागे खोली, मालकी, उन्हाळ्यात पाणी कधी आटतं, शेवटची पाणी तपासणी कधी झाली ही माहिती. असे थर एकावर एक ठेवले की कागदी दप्तराला विचारता न येणारा प्रश्न विचारता येतो. शोषखड्ड्यांची यादी एका वहीत, विहिरींची दुसऱ्या. 'कुठल्या विहिरीच्या १५ मीटरच्या आत शोषखड्डा आहे?' याचं उत्तर दोन्ही वह्या समोर ठेवूनही मिळत नाही. जीआयएसमध्ये विहिरींभोवती बफर (ठरलेल्या अंतराचा घेर) काढून छेद घेतला की मिनिटभरात यादी हातात येते. जांभ्यातून पाणी झिरपतं म्हणून आपल्याकडे तो आकडा वाढवून ३० मीटरचाही बफर काढून पाहावा.

पाणीयोजनेत फायदा याहून मोठा. टाकी सड्यावर आणि खालची वाडी खाडीकाठी असली की उंचीचा फरक ६० मीटरही असू शकतो. पाण्याचा दाब दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खालच्या नळाला ६ किलोचा दाब. तिथे ४ किलो वर्गाची पीव्हीसी पाइप पुरली असेल तर ती दर वर्षी फुटणारच. फिटरला दोष देऊन उपयोग नाही. पाइपलाइनची रेघ, पाइपचा वर्ग आणि उंचीचा थर एकत्र आणला की 'वर्गापेक्षा जास्त दाब कुठल्या लांबीत येतो' हे लाल रंगात दाखवता येतं आणि दाबतोड टाकी कुठे बांधायची तेही ठरतं. या कामाला उपग्रहावरून मिळणारी फुकट उंचीसुद्धा चालते. तिच्यात पाच-सात मीटरची चूक असली तरी ६० मीटरच्या फरकाचा निष्कर्ष बदलत नाही.

पुढे जे तोटे सांगणार आहे त्या प्रत्येकाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. प्रश्नाला किती अचूकता लागते आणि हातातला डेटा किती अचूक आहे, हे दोन आकडे जुळले तर जीआयएस कामाचं. जुळले नाहीत तरी सॉफ्टवेअर तुम्हाला अडवत नाही. ते तितक्याच ठाम रेघेने चुकीचं उत्तर देतं. १:५०,००० च्या टोपोशीटवर (भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशावर) अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. ती स्कॅन करून कितीही मोठी केली तरी ती २५ मीटरचीच रेघ राहते, फक्त स्क्रीनवर बारीक दिसते.

आता हद्दी. कोकणात बहुतेक ठिकाणी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतात, आणि एकेक हिस्सा काही गुंठ्यांचा. ५ गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण २२.५ मीटर बाजू. एक कड ३ मीटरने सरकली की ६७ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याच्या दोन तृतीयांश जमीन इकडची तिकडे होते. आणि ३ मीटर ही मोबाइलच्या जीपीएसची मोकळ्या आभाळाखालची, चांगल्या दिवसाची चूक आहे. आमराईत, माडाच्या आगरात किंवा दोन डोंगरांच्या बेचक्यात ती १० मीटरच्या पुढे जाते. १० मीटर म्हणजे अख्ख्या गुंठ्याची बाजू.

गावनकाशाची अडचण निराळी. मूळ मोजणी ३३ फुटी साखळीने झालेली, कागद शंभर वर्षांत आकसलेला, घडीवर फाटलेला. तो स्कॅन करून उपग्रहचित्रावर बसवताना एका कोपऱ्यात बरोबर बसला की दुसऱ्या कोपऱ्यात दहा-वीस मीटर सरकतो. उताराचाही घोळ आहेच. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत टेप धरून ३३ फूट मोजले तर सपाट नकाशावर ते साडेअठ्ठावीसच भरतात. जीआयएस नेहमी वरून दिसणारं सपाट क्षेत्र मोजतं. मालक उतारावरून टेप ओढतो आणि 'नकाशात माझी जमीन कमी दाखवली' म्हणतो. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

सगळ्यात अवघड प्रकार पोटहिश्शांचा. सातबारावर १२/१अ, १२/१ब, १२/१क असे तुकडे पडलेले असतात, पण त्यांची मोजणी होऊन नकाशावर रेघ कधी उमटलेलीच नसते. वहिवाट गडग्यावर, बांधावर, नाहीतर 'त्या फणसापासून या पऱ्यापर्यंत' अशी. जीआयएसला मात्र प्रत्येक ओळीमागे एक बंद आकृती लागते. मग ऑपरेटर सातबारावरच्या क्षेत्राच्या प्रमाणात अंदाजे रेघ मारून १२/१ चे तीन तुकडे पाडतो. काम पूर्ण दिसतं, बिल निघतं, आणि वर्षभराने ती रेघ कुणीतरी प्रिंट काढून भांडणात पुढे करतो. कराराच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या: मोजणी न झालेला पोटहिस्सा तोडायचा नाही, मूळ हिश्शाच्या एकाच आकृतीला तिन्ही ओळी जोडायच्या. प्रत्येक छापील नकाशावर 'हद्दीच्या पुराव्यासाठी नाही' हे वाक्य हवं. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेखच्या मोजणीलाच आहे.

भूमी अभिलेखकडे आता रोव्हर (अचूक मोजणीची जीपीएस यंत्रं) आले आहेत आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम संदर्भ केंद्रांच्या जाळ्यावरून दुरुस्ती घेऊन ते काही सेंटिमीटरपर्यंत मोजतात. पण ती दुरुस्ती मोबाइल नेटवर्कवरून येते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत रेंज नसली की रोव्हर 'फिक्स'वर न जाता 'फ्लोट'वर राहतो आणि अचूकता सेंटिमीटरवरून अर्ध्या-एक मीटरवर, कधी त्याहून खाली घसरते. रोव्हरने घेतलेला प्रत्येक बिंदू कुठल्या स्थितीत घेतला ते त्याच्या नोंदीत येतं. तो रकाना मागून घ्या; न दाखवणाऱ्याचं काम स्वीकारू नका.

निर्देशांक आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) हा विषय कंटाळवाणा आहे, पण निम्म्या चुका इथेच होतात. मुंबईपासून बांद्यापर्यंतच्या कोकणासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा पट्टा, सॉफ्टवेअरमधला क्रमांक ३२६४३. मोजमाप करायचे सगळे थर यात ठेवा. कोकणची पट्टी या पट्ट्याच्या मध्यरेखेपासून, म्हणजे ७५ अंश पूर्व रेखांशापासून, १८० किलोमीटरच्या आसपास पडते आणि तिथेच यूटीएमची लांबी जवळजवळ खरी असते. आपल्याला हे आयतं मिळालंय.

याउलट वेबनकाशांचं प्रक्षेपण, क्रमांक ३८५७, रत्नागिरीच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे ९ टक्क्यांनी फुगवतं. त्यात मोजलेले १०० गुंठे खरे ९१-९२ च असतात. पार्श्वभूमीला उपग्रहचित्र घेतलं की क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर नव्या प्रकल्पाला बऱ्याचदा हेच प्रक्षेपण लावतं, आणि त्यावर आखलेल्या आकृत्यांचं क्षेत्र लोक तसंच तक्त्यात भरतात. त्याच सॉफ्टवेअरच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्राची दोन फंक्शनं आहेत. डॉलर चिन्ह लावलेलं एरिया प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती रूपावर) मोजतं, साधं एरिया थराच्या सपाट प्रक्षेपणावर. दोघांचे आकडे वेगळे आले तर घाबरू नका, आधी प्रक्षेपण बघा.

अंशांत असलेल्या थरावर '५०' चा बफर काढला तर तो ५० मीटरचा न येता ५० अंशांचा येतो आणि अख्खा भारत त्याच्या पोटात जातो. थर नकाशावरून गायब झाला तर तो कुठे गेला यावरून चूक ओळखता येते. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडला तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. विषुववृत्तावर मालदीवच्या पश्चिमेला सापडला तर अंशांतल्या आकड्यांना यूटीएमची चिठ्ठी लावलीय. त्यासाठी थराची चिठ्ठी बदलणं आणि थराचं रूपांतर करणं यांतला फरक ऑपरेटरला माहीत हवा. 'सेट लेयर सीआरएस' फक्त चिठ्ठी बदलतं, आकडे बदलत नाही. आकडे बदलायला 'रीप्रोजेक्ट लेयर' वापरावं लागतं.

जुन्या टोपोशीट वापरणार असाल (४७ जी, ४७ एच आणि सावंतवाडीच्या बाजूला ४८ ई) तर त्या एव्हरेस्ट लंबगोलावर काढलेल्या आहेत. त्यांवरचे अक्षांश-रेखांश आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये जसेच्या तसे टाकले तर कोकणात नकाशा शंभर मीटरच्या पुढे सरकतो. शीट बसवताना एव्हरेस्टवर आधारलेली संदर्भप्रणालीच निवडा आणि मग रूपांतर करा.

नकाशा बसवतानाची आणखी एक फसवणूक. जिओरेफरन्सरमध्ये (जुना नकाशा जागेवर बसवायच्या साधनात) 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडलं की शिल्लक चूक शून्य दिसते आणि ऑपरेटर खूश होतो. ती पद्धत कागदाला ओढूनताणून प्रत्येक बिंदूवर बसवतेच. चूक बिंदूंच्या मधल्या जागेत लपते. आधी पहिल्या घाताचं बहुपद (कागद न वाकवता फक्त सरकवणारी, फिरवणारी, ताणणारी पद्धत) वापरून गावभर पसरलेले आठ-दहा बिंदू द्या. जुनी विहीर, देवळाचा चौथरा, न बदललेला साकव, सीमेचा दगड असे. कुठल्या बिंदूवर चूक मोठी येते ते पाहा, आणि दोन-तीन बिंदू बसवणीत न वापरता तपासणीसाठी बाजूला ठेवा. त्यांच्यावर जी चूक निघेल ती खरी.

आता मराठीची अडचण. कंपनीच्या सादरीकरणात ही कधीच येत नाही आणि नंतर महिने खाते. बहुतेक कंपन्या शेपफाइल (जीआयएसचा जुना फाइलप्रकार) देतात. तिच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपतं; 'मालक' लिहायलाच चार लागतात. मजकुराला २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्याही मोजल्या जातात. सामाईक सातबारावरची तीस नावं त्यात मावत नाहीत, आणि ती कुठे तुटली हेही लक्षात येत नाही. मजकूर कुठल्या संकेतात आहे ते सांगणारी सोबतची लहानशी सीपीजी फाइल हरवली की सगळं मराठी अगम्य चिन्हांत बदलू शकतं. म्हणून शेपफाइल न घेता जिओपॅकेज मागा. एकच फाइल, नावाला मर्यादा नाही, युनिकोड आपसूक.

नकाशातल्या आकृतीला तक्त्यातली ओळ जोडताना गोंधळ होतो तो असा. सातबाराची यादी एक्सेलमध्ये उघडली की हिस्सा '१२/१' ची तारीख होते. जतन केल्यावर मूळ मजकूर परत मिळत नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच डेटा आत आणायचा. एकीकडे '१२/१अ', दुसरीकडे '१२/१/अ', तिसरीकडे मध्ये स्पेस; माणसाला तिन्ही एकच, जीआयएसला तीन. वाडीच्या नावात 'ऱ्या' असेल तर ते 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतं: एका कळेचं वेगळं अक्षर, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. डोळ्याला सारखं दिसतं, पण जोडणी होत नाही. त्यातच जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागते. या सगळ्यावर एकच तोडगा आहे, नावांवर जोडणी करायचीच नाही. गावासाठी सरकारी एलजीडी कोड, घरासाठी नमुना ८ चा मालमत्ता क्रमांक, जमिनीसाठी गावकोड-सर्व्हे-हिस्सा असा ठरलेल्या साच्यातला क्रमांक. नाव फक्त दाखवण्यापुरतं.

उपग्रहचित्रांबद्दल बरेच गैरसमज आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट आहेत, दर पाच दिवसांनी येतात, चित्रातली एक चौकट (पिक्सेल) १० मीटरची. पण जून ते सप्टेंबर कोकणावर ढग. ज्या काळात भात उभं असतं, पूर येतो, दरडी कोसळतात, त्याच काळात स्वच्छ चित्र जवळजवळ मिळत नाही. 'भाताखालचं क्षेत्र उपग्रहावरून मोजून देतो' असं कुणी म्हणालं तर कुठल्या तारखेच्या चित्रावरून ते विचारा. रडारचा सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो, पण त्याचं चित्र वाचायला सराव लागतो, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्या त्यात सावलीत जातात.

बागेचीही तीच गत. आंब्याची पारंपरिक लागवड १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे या चित्रात एका झाडाला एकच चौकट, तीही शेजारच्या झाडाशी वाटून घेतलेली. काजू, आंबा, ऐन-किंजळाचं रान एकमेकांत मिसळलेलं. 'तालुक्यात बागायत साधारण कुठे वाढली' हे त्यातून कळेल. 'अमक्याच्या बागेत किती कलमं' हे कळणार नाही. त्याला ड्रोन लागतो. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत, आणि किनाऱ्यावर विमानतळ, बंदरं, नौदल-तटरक्षक दलाच्या ठाण्यांमुळे उड्डाणाचा नकाशा आधी पाहावा लागतो. ड्रोनच्या उंचीतही खाच आहे. जीपीएस जी उंची देतं ती लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. कोकणात दोन्हींत ६० मीटरहून जास्त फरक पडतो. किनाऱ्यावरचं गाव उणे साठ-सत्तर मीटर उंचीवर दिसलं तर ड्रोन बिघडलेला नाही, जिऑइडची (समुद्रसपाटीच्या खऱ्या आकाराची) दुरुस्ती द्यायची राहिली आहे.

किनारा 'सरकला' हे सिद्ध करायला दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवण्याची फार घाई असते. किनाऱ्याचा उतार ४० ला १ असेल आणि दोन चित्रांच्या वेळी भरती-ओहोटीत २ मीटरचा फरक असेल, तर पाण्याची रेघ ८० मीटर सरकलेली दिसते, म्हणजे सेंटिनेलच्या आठ चौकटी. प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. शिवाय पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि थंडी-उन्हाळ्यात ती परत चढते. तेव्हा तुलना करायची तर त्याच महिन्यातली आणि भरतीची तीच पातळी असलेली चित्रं घ्या. पाण्याच्या रेघेऐवजी वाळूवरच्या झाडोऱ्याची कड धरली तर आणखी बरं.

खाडीकाठच्या ग्रामपंचायतीला सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा हवाच असतो. इथे जीआयएस उपयोगी आहे, पण रेघ कुठून घेतली यावर सगळं अवलंबून. भरतीरेषा उपग्रहचित्रावरून स्वतः आखायची नसते. ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातूनच घ्यायची. तो आराखडा १:२५,००० वर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत साडेबारा मीटर. घर आत की बाहेर हे ठरवायला १:४,००० चा स्थानिक नकाशा लागतो, तिथे तीच रेघ २ मीटरची होते. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे नियमनाचा पट्टा भरतीरेषेपासून जमिनीकडे समुद्राकाठी ५०० मीटर, खाडीला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी ते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीला १०० मीटर होते. जुनी फाइल उचलून नवा नकाशा करणारे लोक हा आकडा बदलायला विसरतात. कांदळवनाचा थर निराळा ठेवा, कारण १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा २०१९ नंतर जमीन सरकारी की खासगी यावर ठरतो, आणि ते उपग्रहाला दिसत नाही.

दरडींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) नंतर प्रत्येक गावाला 'धोक्याचा नकाशा' हवा आहे. नेहमीची पद्धत अशी की एसआरटीएम (अंतराळयानातल्या रडारने उंची मोजण्याची मोहीम) किंवा कार्टोसॅट या भारतीय उपग्रहाची ३० मीटरच्या चौकटींची उंची घ्यायची, उतार काढायचा, ३० अंशांवरचं लाल करायचं. यात दोन गोष्टी निसटतात. एसआरटीएमचं रडार झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे दाट रानात आपल्याला शेंड्यांची उंची मिळते, आणि रान जिथे संपतं तिथे खोटा कडा तयार होतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. घरासाठी किंवा रस्त्यासाठी डोंगर कापून ६ मीटरचा उभा काप केला असेल, तर ३० मीटरच्या चौकटीत तो फार तर ११ अंशांचा उतार म्हणून दिसतो. नकाशात हिरवा. वाडीवस्तीतल्या कित्येक लहान दरडी अशा माणसाने केलेल्या कापांवरूनच सुटतात. त्यामुळे उताराचा नकाशा हा 'कुठे चालत जाऊन पाहायचं' याची यादी समजा. प्रत्यक्ष पाहणीत टिपायचं ते हे: घरामागच्या कापाची उंची, कापाच्या वर जमिनीला पडलेल्या भेगा, वाकलेली झाडं-खांब, पावसाळ्यात नव्याने फुटलेले झरे, वरच्या सड्यावरचं पाणी कुठल्या वाटेने उतरतं ते. या पाच रकान्यांचा थर ३० मीटरच्या कुठल्याही उतारापेक्षा जास्त सांगतो.

पुराला तर सपाट भागात फुकट उंची वापरूच नये. एसआरटीएमच्या उंचीतली चूक मोहिमेच्या निकषाप्रमाणेच १६ मीटरपर्यंत असू शकते. प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते, पण चिपळूणसारख्या ठिकाणी पुराच्या पाण्यात एक-दोन मीटरचा फरक म्हणजे तळमजला की पहिला मजला. २२ जुलै २०२१ ला पावसाचं आणि वाशिष्ठीचं पाणी वरून आणि खाडीची भरती खालून, असं दोन्हीकडून गणित होतं. ते ३० मीटरच्या चौकटीत बसत नाही. रडारचं चित्रही हमखास कामाला येईल असं नाही. आपले पूर दिवस-दीड दिवसात ओसरतात, उपग्रहाच्या दोन फेऱ्यांत कित्येक दिवस जातात, आणि फेरी पाणी उतरल्यावर झाली तर चित्रात पूरच नाही. यावर स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे पूरखुणा. २००५ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते लोकांना आठवतं. त्या खुणांची उंची लेव्हल यंत्राने मोजून बिंदूंचा थर करा. गावाच्या खालच्या भागासाठी याहून भरवशाचा पूरनकाशा ग्रामपंचायतीच्या पैशात होत नाही.

खर्चाकडे येऊ. क्यूजीआयएस फुकट आहे आणि ग्रामपंचायतीचं सगळं काम त्यात होतं, परवान्याचे पैसे देऊ नका. पैसा जातो डेटा गोळा करण्यात आणि तो जिवंत ठेवण्यात. दुसऱ्या खर्चाची तरतूद कुणीच करत नाही. नवं घर, बदललेली पाइप, बुजलेली विहीर यांची नोंद करणारा माणूस नसेल तर दोन वर्षांत नकाशा जुन्या कॅलेंडरसारखा भिंतीवर राहतो. ग्रामसेवकाची बदली होते, कंपनीचा मुलगा नोकरी सोडतो आणि पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये. गावातल्याच दोघांना, एकाला नव्हे, क्यूजीआयएस आणि मोबाइलवरचं क्यूफील्ड शिकवा. क्यूफील्ड रेंजशिवाय चालतं. वाडीचं नाव, छपराचा प्रकार, नळजोडणी हे रकाने टाइप करायला न ठेवता यादीतून निवडायचे ठेवा, म्हणजे एका वाडीची चार शुद्धलेखनं होत नाहीत.

घरोघरची पाहणी शिमग्यात करा. चाकरमानी आलेले असतात, बंद घरं उघडी असतात, जमीन कोरडी असते, आभाळ मोकळं असतं. गणपतीतही लोक येतात, पण पावसात मोबाइल हाताळणं आणि झाडांच्या ओल्या छत्राखाली जीपीएस, दोन्ही त्रासाचं.

खासगी माहितीची काळजी प्रस्तावात बहुधा नसते. घराचा बिंदू, मालकाचं नाव, मोबाइल नंबर, थकबाकी आणि 'घर बंद' हा रकाना असं सगळं एकत्र वेबनकाशावर टाकलं तर चोराला कुलूपबंद घरांची यादीच दिल्यासारखं होईल. सार्वजनिक नकाशावर रस्ते, दिवे, पाणवठे, शाळा, पूरखुणा एवढंच. बाकीचं कार्यालयातल्या संगणकावर.

करारात कंपनीकडून काय घ्यायचं: सगळे थर जिओपॅकेजमध्ये, क्यूजीआयएसची प्रकल्प फाइल रंगसंगतीसह, आणि ड्रोन उडवला असेल तर मूळ छायाचित्रं. प्रत्येक थराला स्रोत, तारीख, मूळ स्केल, प्रक्षेपण आणि अंदाजे चूक हे पाच रकाने भरलेले हवेत. नुसती पीडीएफ किंवा कंपनीच्या वेबसाइटचं लॉगिन हे काम पूर्ण झाल्याचा पुरावा धरू नका. वर्गणी संपली की लॉगिन बंद होतं आणि गावाचा डेटा गावाकडे राहत नाही. शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्या. तपासणी सोपी आहे. प्रत्येक वाडीतून पाच याप्रमाणे पंचेचाळीस नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा, दोन सदस्यांनी जागेवर जाऊन जागा, क्रमांक आणि माहिती जुळते का ते पाहायचं. पाचांहून जास्त चुकल्या तर काम परत.

सुरुवात एकदम नऊ वाड्यांची करू नका. पाणीयोजनेचा त्रास जिथे सर्वांत जास्त आहे त्या दोन वाड्या घ्या: विहिरी, टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, नळ, शोषखड्डे, घरं. शिमग्यात पाहणी, एप्रिलमध्ये नकाशा, मे महिन्यात टंचाईच्या दिवसांत तो वापरून बघा. व्हॉल्व्हमन नकाशा पाहून 'इथे पाइप वळते, तुमच्यात सरळ दाखवलीय' असं सांगायला लागला की पुढच्या सात वाड्यांचा ठराव घ्यायला हरकत नाही.